तेलताडाच्या संशोधनात मुलीला पाठवावं का?

पत्र: मुलगी कृषी जैवतंत्रज्ञानाच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे तेलताडाच्या, म्हणजे पाम तेल देणाऱ्या झाडाच्या, वाण सुधारणेवर काम करायचं म्हणते. आमची नारळाची बाग. या झाडात कसलं करिअर? – एक वडील, कणकवली

उत्तर: नमस्कार. नारळवाल्यांना हा विषय पटकन कळेल, कारण सगळा खेळ करवंटीचा आहे. तेलताडात जाड करवंटीचा ड्युरा आणि करवंटीच नसलेला पिसिफेरा यांच्या संकरातून पातळ करवंटीचा टेनेरा होतो. शेतकऱ्याला हवा असतो टेनेरा, कारण गर जास्त म्हणजे तेल जास्त. पण रोपात तिघे सारखेच दिसतात. संकरात गफलत झाली तर ती कळायची तीन-चार वर्षांनी, फळं धरल्यावर. मलेशियातल्या संशोधकांनी अमेरिकन सहकाऱ्यांसोबत 2013 मध्ये करवंटीचं जनुक शोधलं. आता रोपवाटिकेतच पानाचा तुकडा तपासून निवाडा होतो.

दुसरा पेच टिश्यू कल्चरचा. या झाडाला फुटवे येत नाहीत, म्हणजे उत्तम झाडाच्या नकला करायच्या त्या प्रयोगशाळेतच. अशी काही झाडं मोठी झाल्यावर वेडीवाकडी फळं देऊ लागली आणि कित्येकांची वर्षं वाया गेली. कारण 2015 मध्ये सापडलं: डीएनएची अक्षरं तीच, पण एका जागी त्यांच्यावरची रासायनिक खूण पुसलेली. मला स्वतःला ही गोष्ट फार आवडते.

भारतात 2021 मध्ये 11,040 कोटींचं तेलताड अभियान मंजूर झालं. मुख्य संशोधन संस्था आंध्रात पेदवेगीला आहे. तिथल्या शास्त्रज्ञांच्या जागा कृषी शास्त्रज्ञ निवड मंडळाच्या परीक्षेतून भरतात, आणि त्या थोड्याच असतात, हे लपवत नाही. म्हणून एम.एस्सी. निव्वळ जैवतंत्रज्ञानात न करता अनुवंशशास्त्र व वनस्पती पैदास या विषयात करावी, असं माझं मत. तीच विद्या नारळ-काजूलाही चालते. संख्याशास्त्र मात्र टाळू नये. मुली-मुलगे सगळेच टाळतात.

एका पिढीच्या निवडीला इथे दहा वर्षं सहज जातात. दोन वर्षांत निकाल हवा असेल तर तिने भात किंवा भाजीपाला घ्यावा.

कोकण कृषी विद्यापीठाचं मुळद्याचं केंद्र तुमच्या शेजारच्याच कुडाळ तालुक्यात आहे. तेलताडावर तिथे काम झालेलं आहे. आधी फोन करून एक दिवस तिला घेऊन जा. घड कापताना बघू दे, आणि तुम्हीही बघा.