वाचकांचे प्रश्न : पाण्यातलं आर्सेनिक

प्रश्न : एकाच बोअरवेलचं पाणी एकाच प्रयोगशाळेत दोनदा तपासलं. आर्सेनिक एकदा 14 मायक्रोग्रॅम प्रति लिटर आलं, दुसऱ्यांदा 41. कोणता आकडा खरा धरायचा?

उत्तर : यंत्रावर संशय घेण्याआधी बाटली उजेडात धरून पाहा. तळाशी तांबूस साका दिसला, तर 14 चा उलगडा बहुधा तिथेच आहे. ऑक्सिजन नसलेल्या खोल पाण्यात लोह विरघळलेलं असतं. पाणी वर येऊन हवा लागली की त्याचा गंजासारखा गाळ होतो आणि तो खाली बसताना आर्सेनिकलाही घेऊन बसतो. मग वरचं नितळ पाणी तपासलं की आकडा कमीच येणार. उलट, न गाळलेल्या पाण्यात अ‍ॅसिड घातलं तर गाळाच्या कणांवरचं आर्सेनिकही सुटून मोजलं जातं. 41 तसाच आलेला असू शकतो.

म्हणून काम विहिरीवरच उरकायचं. पंप चालू करून साचलेलं पाणी जाऊ द्या. पीएच, विद्युतवाहकता आणि विरघळलेला ऑक्सिजन स्थिर झाला की नमुना घ्या. फक्त विरघळलेलं आर्सेनिक हवं असेल, तर 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून जागीच गाळा आणि लगेच अतिशुद्ध नायट्रिक अ‍ॅसिडने पीएच 2 च्या खाली आणा. आधी गाळणं, मग अ‍ॅसिड. हा क्रम उलटला तर नमुना वाया गेला. प्यायच्या पाण्याचा प्रश्न असेल तर न गाळता अ‍ॅसिड घातलेली दुसरी बाटलीही भरा, कारण पोटात गाळासकट सगळंच जातं. अ‍ॅसिड घातलेल्या शुद्ध पाण्याची एक बाटलीही सोबत न्या आणि तीही तपासून घ्या. अ‍ॅसिड किंवा बाटलीच दूषित असेल तर ती चुगली करते.

बाकी तुमच्या बाबतीत कोणता आकडा धरला तरी निर्णय बदलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक मूल्य 10 मायक्रोग्रॅम प्रति लिटर आहे आणि दोन्ही आकडे त्याच्या वर आहेत.

प्रश्न : त्याच बाटलीतून आर्सेनिकची दोन रूपं, आर्सेनाइट आणि आर्सेनेट, वेगवेगळी मोजता येतील?

उत्तर : नायट्रिकच्या बाटलीतून नको. लोह आणि उजेड असेल तर त्यात आर्सेनाइटचं आर्सेनेट होत राहतं. वेगळी, उजेड न शिरणारी बाटली घ्या, गाळलेल्या पाण्यात ईडीटीए (धातूचे आयन पकडून ठेवणारं रसायन) घाला म्हणजे लोह बांधलं जाईल, वर हवेची पोकळी ठेवू नका आणि 4 अंश सेल्सिअसला ठेवा. याहून भरवशाचा मार्ग म्हणजे दोन्ही विहिरीवरच वेगळी करणं. पीएच 9 च्या खाली आर्सेनाइटवर विद्युतभार जवळजवळ नसतो; आर्सेनेट मात्र ऋणभारित असतं. ऋणायन धरणाऱ्या रेझिनच्या कार्ट्रिजमध्ये आर्सेनेट अडकतं, आर्सेनाइट पार होतं. शुद्धीकरणातही हाच फरक आडवा येतो, म्हणून तिथे आधी क्लोरीनने आर्सेनाइटचं आर्सेनेट करून घेतात. नुसती हवा मारून भागत नाही, ती क्रिया फार संथ आहे.

प्रश्न : जवळ ना खाण, ना कारखाना. मग आर्सेनिक आलं कुठून?

उत्तर : बहुतेक वेळा जमिनीतूनच. जमिनीखालच्या गाळाच्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि त्याला आर्सेनिक चिकटलेलं असतं. गाळात सेंद्रिय द्रव्य असेल तर सूक्ष्मजीव आधी ऑक्सिजन, मग नायट्रेट संपवतात आणि नंतर लोहाच्या ऑक्साइडवर जगतात. थर विरघळला की आर्सेनिक मोकळं. अशा पाण्यात लोह जास्त आणि नायट्रेट नगण्य दिसतं. पण लोह कमी, ऑक्सिजन भरपूर आणि पीएच 8.5 च्या वर असेल, तर थर शाबूत असूनही आर्सेनेटची पकड सुटलेली असते. फॉस्फेटही तीच जागा बळकावून आर्सेनेटला बाहेर ढकलतं. त्यामुळे अहवालात एकट्या आर्सेनिकचा आकडा मागवणं म्हणजे अर्धी माहिती घेणं.

प्रश्न : पाणी उकळलं तर?

उत्तर : वाफ पाण्याची होते, आर्सेनिक भांड्यातच राहतं. प्रमाण उलट वाढतं.

प्रश्न : हायड्राइड पद्धतीत (आर्सेनिकचा वायू करून मोजतात ती) आर्सेनेटचं स्टँडर्ड, म्हणजे प्रमाण आधीच माहीत असलेलं द्रावण, नेहमी कमी मोजलं जातं. काय चुकत असेल?

उत्तर : आधीचं क्षपण, म्हणजे आर्सेनेटचं आर्सेनाइट करणं, अपुरं राहिलंय. सोडियम बोरोहायड्राइडशी आर्सेनाइट झटकन अभिक्रिया करून आर्सीन वायू देतं, आर्सेनेट रेंगाळतं. नमुना आणि स्टँडर्ड दोन्हींत तीव्र हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड, पोटॅशियम आयोडाइड आणि अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड घालून किमान 30 मिनिटं ठेवा, मगच 193.7 नॅनोमीटर तरंगलांबीला मोजा. बोरोहायड्राइडचं द्रावण सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये आणि रोज ताजं करा. आर्सीन अत्यंत विषारी आहे, फ्यूम हूडखालीच (वायू बाहेर ओढणारं कपाट) काम करायचं. समुद्री नमुन्यांतलं आर्सेनोबेटेन (आर्सेनिकचं सेंद्रिय संयुग) मात्र असं कितीही केलं तरी हायड्राइड देत नाही. त्याचं आधी पूर्ण पचन, म्हणजे विघटन, करावं लागतं.

प्रश्न : आयसीपी-एमएसवर (प्लाझ्मात आयन करून वस्तुमानानुसार मोजणारं यंत्र) खाऱ्या पाण्याचे आकडे संशयास्पद वाढतात.

उत्तर : प्लाझ्मातला आर्गन (40) आणि मिठातला क्लोरीन (35) जोडून 75 होतात, नेमकं आर्सेनिकचं वस्तुमान. आर्सेनिकचं स्थिर समस्थानिक एकच, त्यामुळे दुसऱ्या वस्तुमानावर सरकायची सोय नाही. हेलियमचा कोलिजन सेल (हेलियमशी टक्कर होऊन असे जोडआयन अडतात) वापरा किंवा ऑक्सिजन (16) जोडून 91 वर मोजा. आर्सेनिक नसलेलं, तेवढ्याच मिठाचं द्रावण चालवून पाहा; तिथेही 75 वर सिग्नल मिळाला तर दोष क्लोराइडचा. याच कारणाने या यंत्रासाठीच्या नमुन्यात हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड टाळतात.