1:18 प्रमाणातील जुन्या रेसिंग कारची चांगली प्रतिकृती कशी ओळखावी?

मर्सिडीज-बेंझ 300 एसएलआर या 1955 च्या रेसिंग कारची 1:18 प्रमाणातील, म्हणजे खऱ्या गाडीच्या अठराव्या हिश्शाएवढी, प्रतिकृती आपल्याला संग्रहासाठी घ्यायची आहे, परंतु एकाच गाडीच्या अनेक प्रतिकृती दिसतात आणि त्यांच्या किमतींत मोठे अंतर आहे; तेव्हा निवड कशी करावी आणि घेतलेली प्रतिकृती खोक्यातच ठेवावी का, असे आपण विचारले आहे. मी बऱ्याच वर्षांपासून अशा प्रतिकृती जमवतो आणि ही गाडी मला विशेष प्रिय आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

किंमत, कंपनी किंवा खोक्यावरचा मर्यादित आवृत्तीचा क्रमांक पाहण्याआधी एक गोष्ट विचारावी: ही गाडी कोणत्या दिवसाची आहे? रेसिंग कार ही कारखान्यातून एकदा बाहेर पडली आणि तशीच राहिली, असे कधीच नसते. शर्यतीगणिक तिचे क्रमांक, काच, आसने आणि कधीकधी बॉडीचा आकारही बदलत असे. 1955 च्या मिल्ले मिलिया या इटलीतील रस्त्यांवरच्या शर्यतीत मर्सिडीज संघाच्या अशा चार गाड्या उतरल्या होत्या. चालक स्टर्लिंग मॉस आणि त्यांना वाट सांगणारे डेनिस जेन्किन्सन यांच्या गाडीचा क्रमांक 722 होता, कारण ती ब्रेशिया या शहरातून सकाळी 7 वाजून 22 मिनिटांनी सुटली. संघाचे दुसरे चालक फान्जिओ 658 क्रमांकाच्या गाडीत एकटेच होते. आणखी दोन चालकांपैकी क्लिंग यांचा क्रमांक 701 आणि हेरमान यांचा 704 होता. त्याच वर्षी जूनमध्ये फ्रान्समधील ले मान्स येथील 24 तासांच्या शर्यतीत याच जातीच्या गाड्या 19, 20 आणि 21 या क्रमांकांनी धावल्या, तेव्हा त्यांच्या पाठीवर वेग कमी करण्यासाठी उभी राहणारी एक मोठी झडप, म्हणजे हवेचा ब्रेक, बसवलेली होती. म्हणून 722 लिहिलेल्या प्रतिकृतीच्या पाठीवर ती झडप दिसली, तर करणाऱ्याने साचा एका शर्यतीचा आणि आकडे दुसऱ्या शर्यतीचे वापरले आहेत, हे लगेच समजते. फान्जिओंच्या गाडीची प्रतिकृती घेत असाल, तर शेजारच्या आसनाची जागा जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहावी.

मी स्वतः 722 ची निवड करतो. 1 मे 1955 रोजी ब्रेशियाहून रोमपर्यंत आणि परत, सुमारे 1,600 किलोमीटरचे अंतर या गाडीने 10 तास 7 मिनिटे 48 सेकंदांत कापले. ताशी सरासरी सुमारे 157 किलोमीटर, आणि तीही रहदारीसाठी बांधलेल्या, गावागावांतून जाणाऱ्या रस्त्यांवर. 1957 नंतर ही शर्यत पूर्वीच्या रूपात झालीच नाही, त्यामुळे तो विक्रम कायमचा राहिला. जेन्किन्सन यांनी वाटेतील वळणे आणि धोक्याच्या जागा पाच मीटरांहून लांब कागदाच्या गुंडाळीवर टिपल्या होत्या. ती गुंडाळी पारदर्शक खिडकी असलेल्या एका पेटीत बसवलेली होती, आणि ती सरकवत ते मॉस यांना हाताने खुणा करत, कारण इंजिनाच्या आवाजात बोलणे ऐकू येणे शक्यच नव्हते.

आता प्रत्यक्ष पारख. सर्वांत आधी चाकांतून आत पाहावे. या गाडीचे ड्रम ब्रेक चाकांत नसून आत, गाडीच्या मध्याकडे बसवलेले होते. त्यामुळे तारांच्या आऱ्यांमागे मोठा ड्रम दिसता कामा नये. स्वस्त प्रतिकृतींत ही चूक फार आढळते, कारण दुसऱ्या एखाद्या गाडीची चाके जशीच्या तशी वापरली जातात. मग आऱ्यांची जाडी पाहावी. खरा आरा चार मिलिमीटर जाडीचा धरला, तर 1:18 मध्ये तो सुमारे 0.22 मिलिमीटर व्हायला हवा. एवढी बारीक वस्तू प्लास्टिकच्या साच्यातून नीट निघत नाही. म्हणून चांगल्या प्रतिकृतीत आरे धातूच्या तारेचे, एकेक ओवलेले असतात. हे काम हाताने होते, आणि किमतीतील अंतराचा मोठा भाग इथेच आहे, असे माझे मत आहे.

रंगाचेही तसेच. 0.1 मिलिमीटर जाडीचा रंगाचा थर खऱ्या गाडीच्या मापात 1.8 मिलिमीटर होतो, म्हणजे दरवाजाच्या फटी आणि रिव्हेट बुजून जातात. चंदेरी रंगातील धातूचे कण नेहमीच्याच आकाराचे असले, तर लहान गाडीवर ते चमकीसारखे दिसतात. ते अगदी बारीक दळलेले हवेत, म्हणजे पृष्ठभाग शांत दिसतो. 722 चे आकडे लाल आहेत, आणि त्यांच्या कडा भिंगाखालीही स्वच्छ दिसाव्यात. आसनांचे कापड निळ्या चौकड्यांचे होते. त्या चौकड्या प्रमाणात लहान केलेल्या आहेत का, हेही पाहावे, कारण मोठ्या चौकड्यांमुळे सगळी गाडी खेळण्यासारखी वाटू लागते. एक्झॉस्टचे दोन नळ उजव्या बाजूने बाहेर येतात.

बॉनेट उघडणारी डायकास्ट (साच्यात ओतलेल्या धातूची) प्रतिकृती घ्यावी की बंद बॉडीची रेझिनची (साच्यात ओतून घट्ट केलेल्या प्लास्टिकसारख्या द्रव्याची), हा वाद नेहमी होतो. रेझिनमध्ये रेषा अधिक धारदार येतात आणि जिथे इंजिन पाहण्याची ओढ नसते तिथे ती निःसंकोच घ्यावी. या गाडीसाठी मात्र मी उघडणारे बॉनेटच निवडेन. आत एका ओळीत आठ सिलिंडरांचे, तीन लिटरच्या आसपासचे इंजिन आहे, ते उंची कमी राहावी म्हणून कलते बसवलेले आहे, आणि त्याच्या सिलिंडरांच्या झडपा कॅमने, म्हणजे फिरत्या दांड्यावरच्या उंचवट्यांनी, उघडतात आणि स्प्रिंगऐवजी कॅमनेच बंदही होतात. हे सौंदर्य झाकून ठेवणे मला पटत नाही.

पुढेमागे जुन्या प्रतिकृतींकडे वळलात, तर धातूच्या बॉडीला बारीक जाळीदार तडे आहेत का, ते पाहावे. जस्ताच्या मिश्रधातूत शिसे मिसळले गेले असेल तर तो आतून फुगून भुगा होतो आणि त्यावर उपाय नाही.

खोक्याविषयी माझा अनुभव सांगतो. माझी एक प्रतिकृती मी नवी असल्यासारखी राहावी म्हणून कित्येक वर्षे मूळ फोममध्ये ठेवली होती. बाहेर काढली तेव्हा फोम टेकलेल्या जागी रंगावर खरखरीत डाग उमटले होते, आणि ते पुसून गेले नाहीत. मला त्याचे अजून वाईट वाटते. तेव्हापासून खोका आणि प्रमाणपत्र मी वेगळे जपतो, आणि गाडी काचेच्या पेटीत, थेट उन्हापासून आणि उष्णतेपासून दूर ठेवतो. मऊ टायर पेटीच्या प्लास्टिकच्या तळावर टेकू देत नाही, कारण टायरमधून झिरपणारे द्रव्य प्लास्टिक आणि रंग दोन्ही मऊ करते. गाडीखाली लहान आधार देऊन चाके केसभर अधांतरी ठेवली तरी पुरते. धूळ मऊ कुंचल्याने झाडावी, आणि आऱ्यांवर कापड मुळीच फिरवू नये, कारण त्याचा धागा तारेत अडकला की तारच ओढली जाते.