शल्यपेटी विकत घेण्यापूर्वी

ब्रिटिश नौदलातील शल्यवैद्याची म्हणून दाखवली जाणारी पेटी पाहताना झाकणावरील नावाआधी करवतीची मूठ तपासावी. जाळीदार खाचांची आबनुसी मूठ ब्रिटिश शल्यविशारद जोसेफ लिस्टर यांच्या १८६७ मधील जंतुनाशक पद्धतीनंतरही काही काळ टिकली, मात्र हत्यारे उकळण्याची रीत रुळल्यावर अखंड धातूची मूठ आली. प्रत्येक हत्यार मखमलीतील आपल्या खोबणीत नेमके बसत नसेल, तर ते मागाहून भरलेले समजावे. सॅव्हिनी किंवा वाइस या लंडनच्या निर्मात्यांच्या छापासोबत पत्ता असल्यास काळ अधिक नेमका ठरतो. नाव कोरणे सोपे असते (ट्रफाल्गरच्या लढाईत नेल्सनच्या जहाजावर शल्यवैद्य असलेल्या विल्यम बीटींचे तर विशेष मोहाचे!), म्हणून ते जुन्या ‘नेव्ही लिस्ट’मध्ये, म्हणजे नौदल अधिकाऱ्यांच्या छापील यादीत, पडताळावे. पोलाद घासून चकचकीत मुळीच करू नये, छाप झिजतो.