व्हल्कनचं देऊळ वेशीबाहेर का?

व्हल्कन म्हणजे रोमन लोकांचा विश्वकर्माच, मग अशा कारागीर देवाला त्यांनी वेशीबाहेर का ठेवलं, असं तुम्ही विचारलंय. आधी ती विश्वकर्म्याची तुलना बाजूला ठेवा, सगळा घोटाळा तिथेच होतो.

ऐरण, हातोडा, लंगडा पाय हे सगळं ग्रीकांच्या हेफेस्टस या लोहार देवाकडून आलं, आणि फार लवकर आलं. रोमच्या फोरम या सार्वजनिक चौकातल्या व्हल्कनच्या जुन्या पूजास्थानाजवळ हेफेस्टसचं चित्र असलेल्या ग्रीक भांड्याचा तुकडा सापडलाय, तो इ.स.पू. सहाव्या शतकातला. पण रोमच्या पूजाविधीत लोहार फारसा दिसत नाही. तिथे व्हल्कन आगीचा देव आहे, आणि दिसते ती आगीची धास्ती.

त्याचा सण 23 ऑगस्टला, ऐन कडक उन्हाळ्यात. धान्य नुकतंच कोठारात पडलेलं, सगळं वाळून कोरडंठाक झालेलं. त्या दिवशी लोक स्वतःच्या बदल्यात जनावरं आगीत टाकत, असं व्हॅरो हा रोमन पंडित लिहितो. माणसांच्या जिवाऐवजी टायबर नदीतले छोटे मासेही त्याला देत. मला हा तपशील फार बोलका वाटतो: आगीच्या हाती एरवी कधीच न लागणारा जीव आपणहून तिच्या स्वाधीन करायचा, म्हणजे ती आपल्या घराला हात लावणार नाही.

देवळाबद्दल व्हिट्रुव्हियस हा रोमन वास्तुकार सरळ सांगतो की व्हल्कनला तटाबाहेर ठेवावं, म्हणजे इमारतींना आगीचं भय राहत नाही.

सगळ्यात ठोस पुरावा मात्र रोममधल्या क्विरिनल टेकडीवरचा. इ.स. 64 मध्ये, नीरोच्या काळात, रोम जळालं. पुढे सम्राट डोमिशियनने आगी थोपवण्यासाठी म्हणून वेद्या बांधल्या. तिथला शिलालेख सरकारी हुकमासारखा रोखठोक आहे. शहर नऊ दिवस जळत होतं, हे आधी नोंदवलंय. मग अट: या हद्दीच्या आत कोणी घर बांधायचं नाही, राहायचं नाही, धंदा करायचा नाही, झाड लावायचं नाही. आणि दरवर्षी व्हल्कनच्या सणाला तांबडं वासरू आणि डुक्कर बळी द्यायचं. देवाच्या नावाने मोकळी जागा राखायची, यात मला श्रद्धा आणि शहाणपण दोन्ही दिसतं. दाटीवाटीच्या शहरात अशी मोकळी जागा आगीला अडवू शकते.

तुमच्या मनातला कारागीर व्हल्कन हवा असेल तर रोमन कवी व्हर्जिलच्या 'एनीड' या महाकाव्याचा आठवा सर्ग वाचा. तिथे तो सायक्लोप्सना, म्हणजे आपल्या भट्टीतल्या एकाक्ष राक्षसांना, हातातली कामं टाकायला लावतो आणि काव्याचा नायक एनियस याच्यासाठी ढाल घडवतो. त्या ढालीवर रोमचा पुढचा इतिहास कोरलेला आहे, थेट इ.स.पू. 31 मधल्या ॲक्टियमच्या लढाईपर्यंत.