वारशातली विंचेस्टर १८९४: किंमत काढायची तर आधी पुसू नका

तुम्ही सप्टेंबरमध्ये एच-१बी वर डॅलसला येताय. तिथल्या मावशीच्या यजमानांनी मृत्युपत्रात विंचेस्टर मॉडेल १८९४ रायफल तुमच्या नावे ठेवली आहे आणि तिचे किती येतील, हे तुम्हाला हवंय.

किमतीआधी साल बघा, कारण तुमचं सगळं त्यावर अडतं. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक ‘अँटिक’ ठरते आणि बंदुकीच्या व्याख्येतून बाहेर पडते. त्यानंतरची असेल, तर शिकारीच्या वैध परवान्यासारखे मोजके अपवाद सोडता एच-१बीवाल्याला ती बाळगता येत नाही. ‘वारशाने आली’ हा अपवाद नाही. कपाटातल्या काडतुसांना तर अँटिकची सवलतही लागू नाही, कारण या रायफलीचं प्रचलित काडतूस, थर्टी-थर्टी, आजही दुकानात मिळतं. राज्यांचे नियम निराळे, ते वकिलाकडून तपासा. तोवर रायफल आणि काडतुसं दोन्ही मावशींकडेच राहू द्या.

१८९४ हे मॉडेलचं नाव आहे, बनल्याचं साल नव्हे. नळीवर कोरलेली २१ ऑगस्ट १८९४ ही पेटंटची तारीख. तिथेही पुष्कळजण फसतात. खरा पुरावा म्हणजे रिसीव्हरच्या (यंत्रणा सामावणाऱ्या मधल्या धातूच्या भागाच्या) पोटाखाली, लिव्हरच्या (काडतूस भरायला ओढायच्या दांड्याच्या) पुढे कोरलेला क्रमांक. इंटरनेटवरच्या याद्या आणि कारखान्याच्या वह्या यांत काही वर्षांचा फरक पडतो, म्हणून क्रमांक १८९८ च्या आसपासचा असेल तर यादीवर विसंबू नका. वायोमिंग राज्यातल्या कोडी गावच्या बंदूक संग्रहालयाकडे १८९४ मॉडेलच्या ३,५३,९९९ क्रमांकापर्यंतच्या नोंदी आहेत. फी भरली की ते पत्र देतात. त्यात मूळ कॅलिबर (काडतुसाचं माप), नळीचा प्रकार आणि खास मागणीने केलेले बदल कळू शकतात. किमतीत त्या पत्राचं वजन मोठं.

आता अवस्था. रायफल रिकामी आहे का, हे आधी जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. नळीखालच्या मॅगझिनमध्ये (काडतुसं भरून ठेवायच्या जागेत) काडतूस राहून जातं. मग उजेडात धातूवरची मूळ निळी झिलई किती टक्के उरली आहे ते बघा. जुन्या विंचेस्टरच्या रिसीव्हरवरची निळाई पापुद्रे निघून तपकिरी होते. ते वयाचं लक्षण आहे, दोष नव्हे. दोष असतो तो नव्याने चढवलेल्या झिलईचा. अक्षरांच्या कडा बोथट, स्क्रूच्या भोकांभोवती खळगे, गंजाच्या खड्ड्यांतसुद्धा निळा रंग, हे दिसलं की किंमत निम्म्यावरही येऊ शकते. लाकूड मूळचं असेल तर जोडापाशी धातूपेक्षा किंचित वर उचललेलं लागतं, नखाने कळतं. खाली दबलेलं असेल तर कुणीतरी पॉलिश पेपर घासलाय. स्क्रूच्या खाचा चिरडलेल्या असल्या तर रायफल उघडली गेली आहे. दुर्बिणीसाठी नंतर पाडलेलं भोक बुजवलं तरी किंमत परत येत नाही. नळीत दोन्ही टोकांनी प्रकाश टाकून आतल्या पिळदार रेषा किती शाबूत आहेत आणि गंजाचे खड्डे आहेत का ते बघा.

म्हणूनच ब्रासो, स्टील वूल, तेलाचं लेपण काहीही लावू नका. कोरड्या सुती कापडाने धूळ टिपली की पुरे.

मग प्रकार. २६ इंची अष्टकोनी नळीची रायफल, २० इंची आखूड नळीची कार्बाइन आणि नळी खोलून वेगळी होणारी टेकडाउन यांचे भाव वेगवेगळे. बाकी ‘विंचेस्टर आहे’ एवढ्याने काही होत नाही. या मॉडेलच्या सत्तर लाखांहून जास्त रायफली बनल्या आहेत.

भाव पाहताना मागितलेली किंमत धरू नका, लिलावात विक्री पूर्ण झालेली बघा, तीही त्याच कॅलिबरची आणि त्याच अवस्थेतली. मोठ्या लिलावगृहांच्या आकड्यांत बहुधा खरेदीदाराकडून घेतलेलं कमिशन मिसळलेलं असतं आणि विकणाऱ्याचं कमिशन वेगळं जातं. दुकानदार स्वतःचा नफा धरून त्याहून कमी सांगेल, त्यात लबाडी नाही.

मूल्यांकन लेखी घ्या, आणि ते मावशीच्या यजमानांच्या निधनाच्या तारखेचं असू द्या. वारशाच्या वस्तूवर कर त्या दिवसाच्या बाजारभावापासून पुढे झालेल्या नफ्यावरच मोजतात. कागद नसेल तर तो भाव नंतर सिद्ध करणं जड जातं.

१८९८ नंतरची निघाली तर ती हातात घेऊच नका. मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्याने ती थेट परवानाधारक दुकानदाराकडे विक्रीला ठेवावी आणि पैसे तुम्हाला द्यावेत.