कोरियन विद्यार्थ्यांना इंग्रजी लिहिताना काय अडते: शिकवायला येणाऱ्या एका प्राध्यापकांना उत्तर

दक्षिण कोरियातील विद्यापीठात इंग्रजी लेखन शिकवण्यासाठी येण्याचा तुमचा विचार आहे आणि इथल्या विद्यार्थ्यांना लिहिताना नेमके काय अडते, असे तुम्ही विचारले आहे. मी डेजॉनमध्ये हेच काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

या मुलांचे व्याकरण कच्चे असेल, असे गृहीत धरून येऊ नका. इथे १९९७ पासून तिसरीच्या वर्गापासून इंग्रजी शिकवले जाते. बारावीच्या अखेरीस होणाऱ्या सुनुंग या प्रवेशपरीक्षेत इंग्रजीचे ४५ प्रश्न ७० मिनिटांत सोडवावे लागतात. त्यांपैकी १७ ऐकून आणि उरलेले वाचून, परंतु सगळे बहुपर्यायी. स्वतःचे एकही वाक्य लिहावे लागत नाही. त्यामुळे क्लिष्ट उतारा झटकन उलगडणारा विद्यार्थी अर्धे पान लिहायला बसला की अडखळतो, कारण त्याचे इंग्रजी वाक्य आजवर कोणी फारसे वाचलेलेच नसते.

भाषेच्या घडणीतून येणाऱ्या चुका ओळखायला तुमची मराठी उपयोगी पडेल. कोरियनमध्येही क्रियापद शेवटी येते, प्रत्यय नामाच्या मागे लागतात आणि 'अ', 'द' यांसारखी उपपदे नसतात. मात्र तिथे अनेकवचनाचा प्रत्यय बहुधा ऐच्छिक असल्याने 'मेनी स्टुडंट' सर्रास दिसते आणि 'एस' राहून जाण्याचा धाक मनात बसला की 'इन्फर्मेशन' आणि 'इक्विपमेंट' या अनेकवचन नसलेल्या नामांनाही 'एस' लागतो.

खरा फरक कर्त्याचा आहे. मराठीत 'आलो' एवढे म्हटले तरी बोलणारा कोण हे कळते. कोरियन क्रियापदावर आदराची खूण असते, पण पुरुष, वचन किंवा लिंग यांची नसते, आणि संदर्भाने कळणारा कर्ता गाळणे हीच तिथली सहज रीत आहे. इंग्रजीत ती जागा रिकामी ठेवता येत नाही, म्हणून विद्यार्थी तिथे 'वी' किंवा 'पीपल' बसवतो, नाहीतर कर्मणी प्रयोगाचा आडोसा घेतो. 'द ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड' यासारखी, अकर्मक क्रियापदाला कर्मणी करणारी वाक्ये तुम्हाला वारंवार भेटतील. मजकूर आधी कोरियनमध्ये लिहून पापागो या भाषांतरयंत्रात घातला, तर यंत्र अंदाजाने कुठे 'आय', कुठे 'ही' घालते, आणि मुळात ती जागाच नसल्याने ते लिहिणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. म्हणून कच्चा खर्डा हाती आला की मी उपपदांकडे न पाहता आधी प्रत्येक वाक्याला 'हे कोणी केले?' असे विचारतो. उपपदांच्या चुकांनी सहसा अर्थ बिघडत नाही. त्या शेवटच्या वाचनात सुधारल्या तरी चालतात.

निबंधाच्या रचनेबद्दल इथे एक ठरावीक स्पष्टीकरण ऐकू येते: अभिजात चिनी कवितेतून आलेल्या 'गी-सुंग-जॉन-ग्योल' या चार टप्प्यांच्या मांडणीत तिसऱ्या टप्प्यावर विषय वळण घेतो आणि निष्कर्ष शेवटी येतो, त्यामुळे मुले मुख्य मुद्दा उशिरा सांगतात. यात तथ्य असले तरी सगळा दोष या परंपरेच्या माथी मारणे मला पटत नाही. वयाने किंवा पदाने मोठ्या असलेल्या वाचकाला पहिल्याच ओळीत आपले ठाम मत ऐकवणे अनेकांना उद्धटपणाचे वाटते. त्याऐवजी 'नाउअडेज' पासून सुरू होणारी सर्वमान्य विधाने सुरक्षित वाटतात. कच्च्या खर्ड्याला गुण न देण्याची प्रथा ठेवलीत, तर हा संकोच बराच कमी होतो.

अभिप्राय लेखी द्या आणि नंतर एकेकट्याला बोलावून त्यावर बोला. भर वर्गात 'काही शंका?' असे विचारल्यावर बहुधा शांतता पसरते. तिचा अर्थ सगळे समजले असा घेऊ नका. एका खर्ड्यावर दोन-तीनच प्रकारच्या चुका दाखवा, कारण पान लाल खुणांनी भरले की पुढच्या वेळी विद्यार्थी आखूड, निर्दोष आणि काहीही न सांगणारी वाक्ये लिहून आणतो.