‘मोफत जोडणी’ सांगून घरी आल्यावर वेगळा खर्च काढला, तर काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: घर वस्तीपासून लांब आहे, जाहिरातीत ब्रॉडबँडची जोडणी मोफत म्हटली होती, नोंदणीची रक्कम भरली, आणि मग पाहणीला आलेल्या माणसाने खांब आणि जादा केबलचे वेगळे पैसे सांगितले. कस्टमर केअरचा दर वेळी नवा माणूस नवं उत्तर देतो. पैसे भरावेत की नोंदणी रद्द करावी, असं तुम्ही विचारलंय.

आज यातलं काहीच करू नका. आधी त्या खर्चाचा तपशील लेखी मागा, आणि तो रकमेत नको, मीटरमध्ये मागा. कुठल्या डब्यापासून (म्हणजे खांबावर किंवा रस्त्याकडेला असलेल्या कंपनीच्या जोडणीच्या डब्यापासून), किती मीटर केबल, किती खांब, किती खोदाई. रकमेवर घासाघीस करता येते, पण रक्कम कशाची आहे हेच माहीत नसेल तर त्या घासाघिशीला अर्थ राहत नाही.

मी हे सगळं भोगलंय म्हणून इतकं ठामपणे लिहितेय. आईच्या आजारपणात डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलावं लागायचं आणि मोबाइलची रेंज दगा द्यायची, म्हणून जोडणी घेतली. ‘इन्स्टॉलेशन मोफत’ असंच मलाही सांगितलं होतं. नंतर कळलं की मोफत असते ती ‘स्टँडर्ड’ जोडणी, आणि तिची व्याख्या अटींच्या पानावर खाली कुठेतरी असते: जवळच्या डब्यापासून ठरावीक लांबीची केबल, आधीपासून उभे असलेले खांब, भिंतीला एक भोक, एक उपकरण. विखुरलेल्या वस्तीतलं घर या व्याख्येत बसणं कठीणच. माझा खरा राग इथे आहे. पत्ता नोंदणीच्या वेळीच दिलेला असतो, आपला डबा कुठे आहे हे कंपनीच्या नकाशावर असतं. म्हणजे खर्च येणार हे पैसे घेण्याआधी सांगता आलं असतं. ते न सांगणं ही ग्राहकाची फसवणूक आहे असंच मी मानते.

आता हा खर्च येतो कुठून, ते समजून घ्या, कारण त्यातला काही भाग रास्त असतो. घरोघरी येणाऱ्या फायबरची, म्हणजे काचेच्या धाग्याच्या केबलची, जी पद्धत सगळ्यात जास्त वापरात आहे, तिला जीपॉन म्हणतात. एक्स्चेंजमधून निघालेला एक धागा वाटेत स्प्लिटर (प्रकाश अनेक धाग्यांत वाटणारं छोटं साधन) लावून 32 किंवा 64 घरांत वाटला जातो. स्प्लिटरला वीज लागत नाही, आणि हे सगळं साधारण 20 किलोमीटरपर्यंत चालतं. म्हणून ‘तुमचं घर फार लांब आहे’ हे तांत्रिक कारण क्वचितच खरं असतं. प्रश्न असतो तो शेवटच्या डब्यापासून तुमच्या दारापर्यंतच्या काही शे मीटरचा. डब्यापर्यंतचा खर्च सगळ्यांत वाटला जातो, त्यापुढचा तुमच्या एकट्यावर येतो. त्यातही केबल ही तुलनेने स्वस्त वस्तू आहे. महाग असते ती खोदाई, रस्ता ओलांडणं, नवे खांब, आणि दुसऱ्याच्या जमिनीतून किंवा खांबावरून न्यायची परवानगी.

मला जो आकडा सांगितला त्यात केबल 700 मीटर धरली होती. शेजाऱ्याला बरोबर घेऊन मी डब्यापासून घरापर्यंत टेप लावली, तर अंतर भरलं 410 मीटर. त्यांनी रस्त्याच्या कडेने वळसा घालून, वेगळ्या डब्यापासून मोजलं होतं. जवळच्या डब्यात जागा शिल्लक आहे का, असं लेखी विचारल्यावर आठ दिवसांनी ‘आहे’ असं उत्तर आलं आणि एक खांबही कमी झाला. पाहणीला आलेल्या माणसाने मुद्दाम केलं असं मला वाटत नाही. त्याला दिवसाला अनेक घरं उरकायची असतात. पण मोजणी तपासायची जबाबदारी शेवटी आपल्यावरच पडते.

तपशील मागताना आणखी दोन गोष्टी विचारा, कारण त्या कुणी आपणहून सांगत नाही. तुमच्या पैशांनी उभ्या राहिलेल्या खांबावरून किंवा डब्यातून उद्या दुसऱ्या घरांना लाइन दिली जाणार असेल, तर सगळा भार तुमच्यावर का? माझ्या बाबतीत पलीकडची दोन घरं जोडणी घ्यायला तयार झाली, आम्ही एकत्र अर्ज केला आणि खर्च तिघांत विभागला. दुसरा प्रश्न मालकीचा. केबल झाडाची फांदी पडून तुटली, तर दुरुस्ती कोणाच्या खर्चाने? ‘कंपनीच्या’ असं उत्तर ईमेलवर मिळवून ठेवा. तोंडी मिळालेल्या उत्तराचा वाऱ्या-पावसात काही उपयोग होत नाही.

आणि घरी आलेल्या माणसाच्या हातात रोख पैसे देऊ नका. मी दिले. आईची तपासणी दुसऱ्या दिवशी होती, त्याने ‘क्लॅम्प आणि जादा वायर’ म्हणून पैसे मागितले, पावती नंतर येईल म्हणाला. कंपनीने पुढे अशी काही रक्कम घेतल्याची नोंदच नाही असं सांगून हात वर केले. ते पैसे परत मिळाले नाहीत. जे काही भरायचं ते कंपनीच्या खात्यात, पावतीसह.

कस्टमर केअरबद्दल. तिथला माणूस समोरच्या पडद्यावर जे लिहिलंय तेवढंच वाचू शकतो. त्याच्यावर चिडून आपलाच वेळ जातो. फोनवर झालेलं बोलणं त्याच दिवशी ईमेलने पाठवायचं: अमुक वाजता बोललो, तक्रार क्रमांक अमुक, तुम्ही अमुक सांगितलं, यात चूक असल्यास कळवा. ही एक सवय लागल्यावर माझ्याशी होणारी टोलवाटोलवी बरीच कमी झाली, कारण पुढचा माणूस आधीच्याचं बोलणं नाकारू शकत नव्हता. तक्रार न सोडवताच ‘निकाली’ असा मेसेज आला, तर नवी तक्रार नोंदवू नका. जुनीच पुन्हा उघडायला सांगा. नव्या तक्रारीबरोबर दिवस पहिल्यापासून मोजले जातात.

जोडणी झाल्यावर वेग मिळत नसेल तेव्हाही आकडेच बोलतात. संगणक राउटरला वायरने जोडून, सकाळ-दुपार-रात्र अशा तीन वेळा वेग मोजा. वायफायवरचं मोजमाप कंपनीवाले मानत नाहीत, आणि त्यात तथ्यही आहे, कारण भिंतींमुळे वेग खरंच पडतो. 100 एमबीपीएस म्हणजे सेकंदाला 100 मेगाबिट, आणि आठ बिटांचा एक बाइट, म्हणून सेकंदाला 12.5 मेगाबाइट. डाउनलोडच्या खिडकीत दिसणारा आकडा आणि प्लॅनचा आकडा यांची गल्लत करून केलेली तक्रार लगेच फेटाळली जाते.

पहिल्या मोठ्या पावसानंतर माझी लाइन दर तासाला तुटू लागली. ‘राउटर बंद करून चालू करा’ हे मी नऊ वेळा ऐकलं. शेवटी भिंतीवरच्या फायबरच्या उपकरणाच्या सेटिंगच्या पानावर मिळणाऱ्या प्रकाशाची पातळी दिसते हे कळलं. जीपॉनच्या नेहमीच्या उपकरणाला ती उणे 8 ते उणे 27 डीबीएमच्या (प्रकाशाची ताकद मोजायचं एकक) मध्ये लागते. माझ्याकडे उणे 29 होती, म्हणजे प्रकाश हवा त्यापेक्षा कमी येत होता. तो आकडा फोटोसकट पाठवला आणि दुसऱ्याच दिवशी प्रकाश मोजायचा मीटर घेऊन माणूस आला. भिंतीच्या कोपऱ्यावर क्लॅम्प इतका आवळला होता की केबल काटकोनात वळली होती. आत काच असते, घट्ट वळणावर प्रकाश बाहेर सांडतो. गोलाई मोठी केली, एक खराब जोड पुन्हा केला, पातळी उणे 21 वर आली. अर्ध्या तासाचं काम, त्यासाठी सात आठवडे गेले. त्या सात आठवड्यांत आईची दोन बोलणी अर्धवट तुटली, ते मी विसरू शकत नाही. म्हणून जोडणीच्या दिवशीच ती पातळी लिहून घ्या.

फायबरचा खर्च अगदीच आवाक्याबाहेर निघाला तर टॉवरवरून येणारं वायरलेस बघा, पण त्याचीही पाहणी आधी करून घ्या. टॉवर नुसता दिसून भागत नाही. 5 किलोमीटर अंतर आणि 5.8 गिगाहर्ट्झ लहरी धरल्या, तर वाटेच्या मध्यावर सुमारे 8 मीटर त्रिज्येचा पट्टा बराचसा मोकळा लागतो. मध्ये झाडी असेल तर उंच मास्ट (अँटेनाचा खांब) लागतो आणि तिथे पुन्हा न सांगितलेला खर्च उभा राहतो. उपग्रहावरून येणाऱ्या इंटरनेटला वाटेत खांब लागत नाहीत. मात्र 35,786 किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहावरून बोलताना प्रश्न आणि उत्तर यांत अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ जातोच. व्हिडिओवर बोलायचं असेल तर सुमारे 550 किलोमीटरवरून फिरणाऱ्या उपग्रहांची सेवा बरी, फक्त आकाश चहूकडून मोकळं हवं.

नोंदणीच्या रकमेचं म्हणाल, तर करारातली रद्द करण्याची मुदत आजच शोधा आणि ती संपायच्या आत तपशिलाचं उत्तर मागा. ‘जाहिरातीत मोफत म्हटलं होतं, जादा खर्च पैसे घेतल्यानंतर सांगितला, मला तो मान्य नाही, तपशील अमुक तारखेपर्यंत न आल्यास पूर्ण रक्कम परत करा’ एवढं पुरेसं आहे. जाहिरातीचा स्क्रीनशॉट जोडा, ती पानं बदलतात. उत्तर आलं नाही तर कंपनीच्या वरच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, तिथूनही नाही तर ग्राहक आयोगाकडे (पूर्वीचा ग्राहक मंच) हेच कागद घेऊन जाता येतं.

तपशील हातात आला की डब्यापासूनचं अंतर आणि खांबांची संख्या इथे लिहा. काय रास्त आहे आणि काय नाही, ते मी बघून सांगेन.